गाडीची स्प्रिंग आणि तिचा लगाम



वारणानगरास ऊसाचा हंगाम सुरू झाला कीं कारखान्याच्या वाटेवर तीन तऱ्हेचीं वाहनें एकामागून एक दिसूं लागतात. पुढें बैलगाडी, तिच्यामागें ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या मागें वाट मिळण्यासाठीं कर्णा वाजवीत असलेली एखादी जीप. बैलगाडीच्या आंसाला स्प्रिंग नसते. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकांनाहि बहुधा ती नसते. हांकणाऱ्याच्या बैठकीखालीं तेवढी एक बसविलेली असते. या दोघांचें तिच्यावांचून अडत नाहीं, कारण त्यांचा वेग बेताचा असतो. जीपचें मात्र अडतें. वेग दुप्पट झाला कीं दगडावर चढणारें चाक दुप्पट वेगानें वर उडतें आणि त्याच्या उसळींतील शक्ति चौपट होते. ही चौपट शक्ति कोठें तरी जिरली पाहिजे. ती गाडींत जिरली नाहीं, तर आंत बसणाऱ्यांच्या पाठीच्या मणक्यांत जिरते.

ही शक्ति जिरविणाऱ्या एका साधनाविषयीं आज बोलावयाचें आहे. डोंगरवाटेनें जाणाऱ्या गाड्यांना अलीकडे ‘कॉइलओव्हर’ नांवाची जोडणी बसवितात. ती निवडावी कशी आणि राखावी कशी, हा आजचा विषय. जन्मभर शाळेंत खडू झिजविलेल्या माणसानें या विषयांत कां पडावें, असें आपणांस वाटेल. त्याचें कारण सांगण्यासारखें आहे, जरी तें मला भूषणावह नाहीं.

माझ्या पुतण्यापाशीं चारी चाकांना जोर मिळणारी एक जुनी गाडी आहे. पन्हाळ्याच्या पश्चिमेस मसाई पठाराच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिकडे आमचे नातलग आहेत. त्यामुळें गाडी नेहमीं भरलेली असते. एके दिवशीं तो म्हणाला, “काका, मागनं गाडी लई बसतीया.” मीं शाळेंत तीस वर्षें हूकचा नियम शिकविला आहे. मीं लगेच सांगितलें, “स्प्रिंग अधिक कडक घाल, म्हणजे बसणार नाहीं.” त्यानें एका गॅरेजांत पहिल्याहून दीडपट कडक स्प्रिंगा घालून घेतल्या. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. गाडी उंच दिसूं लागली आणि आम्ही दोघेहि समाधान पावलों.

पुढें श्रावणांत पठाराकडून परततांना एका वळणावर गाडीचें मागलें अंग उड्या मारूं लागलें. चाकें क्षणोक्षणीं जमीन सोडूं लागलीं, आणि ज्या चाकाखालीं जमीन नाहीं तें ना वळवितां येतें, ना थांबवितां येतें. गाडी घसरून कडेच्या चरांत गेली. प्राणावर बेतलें नाहीं. पण शेजारच्या आजी मागें बसल्या होत्या, त्यांचें मनगट मोडलें. “गुरुजी, गाडी चेंडूवानी उडत हुती बघा,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांनीं दोष दिला नाहीं, म्हणूनच मला तो अधिक लागला. माझें गणित खोटें नव्हतें. तें अर्धें होतें. राहिलेलें अर्धें मी त्यानंतर शिकलों. तें आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम स्प्रिंगेचें काम पाहूं. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण सर्व शिकलों आहों: स्प्रिंगेवर जितका भार, तितकी ती दबते, भार दुप्पट केला तर दाबहि दुप्पट. परंतु दबलेली स्प्रिंग शक्ति खात नाहीं, ती सांठविते. दगड मागें पडला कीं ती सांठविलेली शक्ति जशीच्या तशी परत देते, आणि गाडी वर फेंकली जाते. मग खालीं, मग पुन्हां वर. झोपाळ्याला एकदां धक्का देऊन सोडल्यावर तो जसा हलतच राहतो, तसेंच हें आहे. झोपाळा थांबवावयाचा तर कोणी तरी पाय टेंकला पाहिजे. गाडीच्या बाबतींत पाय टेंकण्याचें काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. गॅरेजवाले ज्याला थोडक्यांत ‘शॉकॲब’ म्हणतात, तोच हा. नांवावरून तो धक्का शोषणारा वाटतो. वस्तुतः धक्का झेलते ती स्प्रिंग. हा तिचा लगाम आहे.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. कचेरींतील आपोआप मिटणारें दार आपण पाहिलें असेल. दार सोडलें तरी तें धाडकन् आपटत नाहीं, कारण वरच्या डबींत तेल असतें आणि तें बारीक छिद्रांतून हळूहळू वाट काढतें. शॉक ॲब्सॉर्बरमध्यें एका नळींत तेल भरलेलें असतें आणि दांड्याच्या टोंकास दट्ट्या असतो. दट्ट्याला छिद्रें असून त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. चाक हललें कीं दट्ट्या तेलांतून सरकतो, तेल छिद्रांतून जबरीनें जातें, आणि हालचालीची शक्ति उष्णतेंत बदलते. स्प्रिंगेचा विरोध ती किती दबली यावर अवलंबून. शॉक ॲब्सॉर्बरचा विरोध तो किती वेगानें हलतो यावर अवलंबून. हा भेद ध्यानांत ठेवला तर पुढील सर्व विवेचन सोपें जाईल.

जुन्या जीपला पाट्यांच्या स्प्रिंगा असत. लंबगोल पाट्यांची स्प्रिंग लंडनच्या ओबादिया इलियट यानें १८०४ सालीं घोडागाडीसाठीं नोंदविली. टांग्याखालीं आपण जी पाहिली ती त्याच कुळांतली. पाटे एकमेकांवर घांसतात आणि त्या घर्षणानें कांहीं शक्ति आपोआप जिरते. म्हणून टांगा शॉक ॲब्सॉर्बरवांचून चालला. वेटोळ्यांच्या, म्हणजे कॉइल स्प्रिंगेंत असें घर्षण जवळजवळ नसतें. ती अधिक मृदु, परंतु अधिक उनाड. तिला लगाम हवाच.

कॉइलओव्हर म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावरूनच कॉइल स्प्रिंग चढविलेली जोडणी. ती पाहण्यास दूर जावें लागत नाहीं. अंगणांतील मोटारसायकलीच्या मागल्या चाकापाशीं पहा. तेथें जें आहे तें कॉइलओव्हरच. २०२० सालीं बाजारांत आलेल्या, नाशिक येथें तयार होणाऱ्या महिंद्र थार गाडीला पुढें व मागें अशी रचना कारखान्यांतूनच दिलेली आहे. २०१० सालच्या पहिल्या थारला मागें पाटे होते, आणि पुढें पीळ खाऊन स्प्रिंगेचें काम करणारा पोलादी दांडा होता. दहा वर्षांत एकाच नांवाच्या गाडींत केवढा फरक पडला, हें यावरून दिसेल. पुष्कळशा लहान मोटारींत पुढल्या चाकांवरहि अशीच दिसणारी जोडणी असते. पण तेथें ती चाकाला उभें धरण्याचेंहि काम करते. खऱ्या कॉइलओव्हरवर तो भार नसतो. चाक धरण्यास निराळे बाहु असतात. दिसण्यांत सारखी म्हणून एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. बाजारांत सुटी मिळणारी जोडणी बहुधा अशी असते कीं तिच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि एक कडें फिरवून स्प्रिंगेची बैठक वर-खालीं करतां येते.

आतां निवड. पहिली गोष्ट: गाडीचें वजन. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस तोलतात, हें आमच्याकडे पोरासोरांनाहि ठाऊक आहे. गाडी मात्र कोणी तोलीत नाहीं. वाहनें तोलण्याचा कांटा जवळपास कोठेंहि मिळतो. पुढलीं चाकें व मागलीं चाकें निरनिराळीं तोलावीं, आणि नेहमीं जितकीं माणसें व सामान असतें तितकें भरून तोलावें. रिकाम्या गाडीस निवडलेली स्प्रिंग भरल्या गाडीला उपयोगी नाहीं, आणि वर्षांतून एकदां लागणाऱ्या ओझ्यासाठीं निवडलेली स्प्रिंग बाकीचे दिवस हाडें खिळखिळीं करील.

दुसरी गोष्ट: स्प्रिंगेचा कडकपणा. एका कोपऱ्यावर चाक वगळून चारशें किलो भार आहे, आणि स्प्रिंग दर सेंटिमीटरास चाळीस किलो घेते, असें धरूं. ती दहा सेंटिमीटर दबून स्थिर राहील. अशी गाडी एका सेकंदांत किती वेळां झुलेल, याचा एक सोपा हिशेब आहे: स्थिर दाबाच्या सेंटिमीटरांचें वर्गमूळ काढून त्यानें पांचास भागावें. दहाचें वर्गमूळ सुमारें ३.१६; म्हणून उत्तर सुमारें १.६ येतें. प्रवासी गाड्यांत हा आंकडा साधारणतः एक ते दीड यांच्या आसपास ठेवतात, कारण तो झोंका शरीरास सोसतो. सेकंदास चार ते आठ हे हिसके पोटांत व पाठींत सर्वांत वाईट बसतात. तीच स्प्रिंग दीडपट कडक केली तर ती पावणेसात सेंटिमीटरच दबेल आणि झोंके सेकंदास दोनाच्या जवळ जातील. माझ्या पुतण्याच्या गाडीस नेमकें हेंच झालें.

येथेंच माझ्या चुकीचें मूळ आहे. स्प्रिंग दीडपट कडक केली कीं तिला आंवरण्यास लगामहि जवळजवळ सव्वापट घट्ट हवा, कारण दीडाचें वर्गमूळ १.२२ आहे. आम्ही स्प्रिंगेचा जोर वाढविला, आणि लगाम आधींच झिजलेला होता तोच ठेवला. म्हणून स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांस जुळतील असेच एकत्र निवडावे, हा या विषयांतला पहिला नियम आहे. कॉइलओव्हर जोडणींत दोन्ही एकाच ठिकाणीं असल्यामुळें हा नियम पाळणें सोपें जातें, पण आपोआप पाळला जात नाहीं.

तिसरी गोष्ट तरफेची. जोडणी चाकापाशींच नसते. ती बाहूवर थोडी आंत टेंकलेली असते. चाक दहा सेंटिमीटर हलतें तेव्हां ती सहाच सेंटिमीटर हलली, तर चाकाला जाणवणारा कडकपणा सहा-दशांश नव्हे, तर त्याचा वर्ग, म्हणजे ३६ टक्केच राहतो. कारण हालचालहि कमी आणि जोरहि कमी. म्हणून एका गाडीवर उत्तम चाललेली स्प्रिंग दुसऱ्या गाडीवर निकामी ठरते. मित्राच्या गाडीचा आंकडा मागून आणूं नये. आपल्या गाडीचा हिशेब करावा, किंवा तो केलेल्या विक्रेत्याकडूनच जोडणी घ्यावी.

चौथी गोष्ट: तार व वेटोळीं. स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानें वाढतो. तार दहा टक्के जाड केली तर स्प्रिंग दहा नव्हे, सुमारें ४६ टक्के कडक होते. तसेंच दहा कामाच्या वेटोळ्यांतून दोन कापून टाकलीं तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. गाडी खालीं आणण्यासाठीं वेटोळें कापण्याची कल्पना म्हणूनच घातक आहे: उंची घटते, हालचालीस जागा कमी उरते, आणि कापलेलें टोंक बैठकींत नीट बसत नाहीं.

पांचवी गोष्ट: तें कडें. कडें आवळलें कीं स्प्रिंग कडक होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाहीं. स्प्रिंगेचा दर सेंटिमीटरचा भार तोच राहतो. फक्त गाडी वर उचलली जाते. आणि गाडी वर उचलली तितकी चाकाची खालीं लोंबण्याची जागा कमी होते. खडबडीत वाटेवर चाकानें खड्ड्यांत उतरणेंहि तितकेंच आवश्यक आहे, जितकें दगडावर चढणें. चाकाच्या एकंदर हालचालीपैकीं साधारण तिसरा हिस्सा खालीं उतरण्यासाठीं राखावा, हें प्रमाण बरें समजतात.

सहावी गोष्ट: लांबी. गाडी सुरक्षितपणें टेंकवून, स्प्रिंग काढून, चाक अगदीं वरपर्यंत व अगदीं खालपर्यंत नेऊन मापें घ्यावीं. चाक वर जातांना प्रथम रबरी ठोकळा टेंकला पाहिजे. शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा तळाशीं आपटतां कामा नये. चाक खालीं लोंबतांना ब्रेकची नळी ताणतां कामा नये. हीं दोन मापें न घेतां केलेली खरेदी म्हणजे पायाचें माप न देतां शिवलेला जोडा.

सातवी गोष्ट: नळीचा प्रकार. साधा शॉक ॲब्सॉर्बर दुहेरी नळीचा असतो. तो स्वस्त आणि टिकाऊ. बाहेरची नळी ठेंचली तरी पुष्कळदां चालतो. पण लांब खडकाळ वाटेवर तेल तापतें, त्यांत हवा मिसळून फेंस होतो, आणि फेंस छिद्रांतून सहज निसटतो. मग लगाम सुटतो. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील द कार्बों या इंजिनियरानें एकेरी नळीची रचना पुढें आणली. तींत तेलापासून वेगळा ठेवलेला नत्रवायु दाबानें भरलेला असतो, म्हणून फेंस होत नाहीं, आणि एकच भिंत असल्यानें उष्णताहि लौकर बाहेर पडते. कांहीं जोडण्यांस अधिक तेलासाठीं शेजारीं दुसरी कुपीहि असते. या प्रकाराचा दोष एवढाच कीं नळी दगडानें चेंपली तर दट्ट्या अडकतो. तेव्हां जो मनुष्य आठवड्यांतून एकदां कच्च्या वाटेनें शेतावर जातो, त्याला चांगला दुहेरी नळीचा प्रकार पुरे. जो तासन्‌तास दगडांतून वेगानें जातो, त्यानेंच महाग प्रकाराकडे वळावें.

आतां निगा. आमच्याकडे जांभ्याचा तांबडा चिखल फार. तो वाळला कीं कानशीसारखा काम करतो. चिखलांतून आल्यावर दांडा व आटे साध्या पाण्यानें धुवावे. दाबाच्या पाण्याची धार दांड्याच्या तोंडावरील रबरी सीलवर मारूं नये, कारण ती माती आंत ढकलते. दांडा मऊ फडक्यानें पुसून नखानें चांचपावा. नखाला खांच लागली तर ती खांच दर फेरींत सील कापीत आहे असें समजावें. सीलभोंवतीं तेलाचा पुसट ओलावा चालतो. ओघळ आला तर जोडणी उतरवावी. कड्याचे आटे स्वच्छ करूनच फिरवावे, नाहीं तर ते मोडतात. फिरविल्यावर कुलपी कडें आवळून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी, म्हणजें तें सैल झाल्यास लगेच दिसेल. दोन्ही टोंकांचे बुश हातानें हलवून पाहावे. टक् टक् असा आवाज बहुधा तेथूनच येतो.

लहानशी एक परीक्षा घरच्या घरीं करण्यासारखी आहे. खराब रस्त्यावरून दहा-पंधरा मिनिटें गाडी चालवून थांबावें आणि चारी शॉक ॲब्सॉर्बरना जपून हात लावावा. सर्व कोंबट असले पाहिजेत, कारण शक्तीची उष्णता करणें हेंच त्यांचें काम. जो एकटा थंड राहिला, तो काम करीत नाहीं. दुसरी खूण टायरची: त्यावर ठराविक अंतरानें खळगे पडूं लागले तर चाक जमिनीवर नाचत आहे असें जाणावें. शॉक ॲब्सॉर्बर बदलावयाचे तर एका आंसावरचे दोन्ही एकदम बदलावे. महिन्यांतून एकदां चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचें अंतर सपाट जागीं मोजून वहींत लिहावें. स्प्रिंग बसूं लागली तर वहीच सांगेल.

दोन सूचना मात्र कळकळीच्या. वायु भरलेली जोडणी आणि ताणाखालीं असलेली स्प्रिंग घरीं उघडूं नये. दोहोंत माणसाचा जीव घेण्याइतकी शक्ति कोंडलेली असते. वायु भरावयाचा तो कोरडा नत्रच असावा. पंपाची हवा नव्हे, कारण तिच्यांत ओलावा असतो. आणि गाडीची उंची वाढविण्यापूर्वीं मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाची आठवण ठेवावी. कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत मन मानेल तसा बदल करण्याची मुभा मालकास नाहीं. परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे आधीं विचारावें. उंची बदलली तर चाकांची सरळ-तिरपी दिशाहि पुन्हां जुळवून घ्यावी लागते.

शेवटीं, पैसे खर्च करण्यापूर्वींचा एक उपाय. गाडीची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधील हवा. कच्च्या वाटेवर ती थोडी कमी करावी, वेग उतरवावा, आणि डांबरी रस्त्यास लागतांच पुन्हां पूर्ववत् भरावी. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेंच मिटते.

माझ्या पुतण्याची गाडी आम्ही कांट्यावर नेली. भरल्या गाडीचें वजन आलें तेव्हां कळलें कीं पूर्वीची स्प्रिंग मुळांत फारशी अपुरी नव्हतीच; मागला शॉक ॲब्सॉर्बर मेलेला होता, आणि त्यामुळें प्रत्येक खड्ड्यांत मागलें अंग तळापर्यंत जाऊन ठोकळ्यावर आपटत असे. त्यालाच तो ‘बसणें’ म्हणत होता, आणि मीं गाडी न पाहतां औषध सांगितलें. आतां मूळच्या मापाची स्प्रिंग व तिला जुळणारे नवे शॉक ॲब्सॉर्बर बसविले आहेत. आजींचा हात बरा झाला, तरी भाकरी थापतांना अजून दुखतो असें त्या सांगतात. गेल्या माघांत त्या पुन्हां त्याच गाडींतून पठाराकडे गेल्या. त्या पुढें बसल्या होत्या, मी मागें. आणि त्या वळणापाशीं पुतण्यानें न सांगतां वेग कमी केला.